किडनी नुसती गाळत नाही, हे कळायला किती वर्षं गेली

किडनी म्हणजे शरीराची गाळणी असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. दोन्ही किडन्या मिळून रोज साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर, म्हणजे बाकीचं सगळं परत रक्तात जातं, आणि पाणी, मीठ, पोटॅशियम, आम्ल या सगळ्याचा तोल मुख्यतः या परत घेण्यातच सांभाळला जातो.

लघवी किडनीतच तयार होते हे गॅलेन या ग्रीक वैद्याने दुसऱ्या शतकात जनावरांच्या मूत्रवाहिन्या (किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्या) बांधून दाखवलं होतं. कशी तयार होते हे मात्र कळेना. १६६६ मध्ये इटलीत माल्पिघीला मायक्रोस्कोपखाली किडनीत बारीक बारीक गोळे दिसले, पण त्यांचं काम काय? १८४२ मध्ये लंडनच्या विल्यम बोमनने दाखवलं की हे गोळे म्हणजे केशवाहिन्यांचे गुंते आहेत आणि त्यांच्याभोवतीची पिशवी थेट किडनीतल्याच, लघवी वाहून नेणाऱ्या एका बारीक नळीत उघडते. त्याच्या मते गोळ्यातून फक्त पाणी येतं, बाकीचे पदार्थ नळीच्या पेशी सोडतात. त्याच सुमाराला जर्मनीत कार्ल लुडविगचं म्हणणं उलटं, की रक्ताच्या दाबाने प्रथिनं सोडून जवळपास सगळंच गाळलं जातं आणि नळीत त्यातलं बरंचसं परत शोषलं जातं. गंमत म्हणजे दोघंही १८१६ चे, आणि हा वाद त्यांच्या पश्चातही चालूच राहिला.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो बेडकांवरचा प्रयोग. पेनसिल्वेनिया विद्यापीठात वेअर्न आणि रिचर्ड्स यांनी केसासारखी बारीक काचेची नळी मायक्रोस्कोपखाली बघत बघत बेडकाच्या किडनीतल्या एकाच गोळ्याच्या पिशवीत खुपसली आणि आतला इवलासा थेंब ओढून तपासला. त्यात प्रथिनं नव्हती पण साखर आणि क्लोराइड होतं, आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत हे दोन्ही नसलं तरीही! म्हणजे वाटेत कुठेतरी ते परत घेतलं गेलं होतं. हे १९२४ मध्ये छापून आलं. लुडविगचं मोठं म्हणणं खरं ठरलं, पण बोमनही पूर्ण चुकला नव्हता, काही पदार्थ नळीच्या पेशी खरंच स्वतःहून आत सोडतात, आणि काही समुद्री माशांच्या किडनीत तर गोळेच नसतात तरी त्यांना लघवी होते.

मग पुढचा प्रश्न, किती पाणी परत घ्यायचं हे ठरवतं कोण? केंब्रिजच्या व्हर्नीने कुत्र्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत खारट द्रावण सोडलं की लघवी लगेच कमी व्हायची, आणि पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीचा, मागचा भाग काढलेला असेल तर तसं होत नसे. १९४७ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं, रक्त किती खारट झालंय हे मेंदू ओळखतो आणि पिट्युटरीतून हॉर्मोन सोडून किडनीला पाणी राखायला लावतो.