टक्का दवाखान्यात, उत्पन्न तहसीलात

परवा आमच्या गावातल्या एका मामांचा फोन आला. डावा पाय पोलिओचा, कॅलिपर म्हणजे पायाला लावायचा आधाराचा सांगाडा, तो लावून चालतात. सकाळी दहा ते दोन हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतात, महिन्याला ४,००० रुपये मिळतात. दिव्यांगत्व किती टक्के आहे ते सांगणारं जुनं कागदी प्रमाणपत्र होतं, आता यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी तपासणीला बोलावलंय. "दुकानात बसतो हे डॉक्टरला सांगू का नको? काम करतो हे कळलं की टक्का उतरवतात म्हणं, अन् टक्का उतरला की पगार बंद."

हा 'पगार' म्हणजे दुकानाचा नव्हे, सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा मिळणाऱ्या अनुदानाचा. आपल्याकडे दोन्हीला पगारच म्हणतात, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. मीही पोलिओच्या पायाचा, अर्धा दिवस कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून चार वेळा तरी येतो. खरं तर यात तपासण्या दोन आहेत. एक दवाखान्यातली, दुसरी तहसीलातली. पहिली शरीर मोजते, दुसरी घरातली मिळकत.

दवाखान्यातली आधी बघू. सिव्हिल असो, घाटी असो की अंबाजोगाईचं स्वाराती, या सरकारी रुग्णालयांतला डॉक्टरांचा बोर्ड २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली काम करतो. या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. पायाची तपासणी असेल तर सांधा किती अंशात वाकतो ते मोजतात, स्नायूंची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत लिहितात, दोन्ही पायांची लांबी टेपनं घेतात, तोल कसा राहतो ते बघतात. दुकानात बसून बिलं फाडल्यानं यातला एकही आकडा हलत नाही. अर्जात नोकरी-धंद्याचा रकाना असतो, पण पायाचा टक्का त्यावरून निघत नाही.

मग लोकांचे टक्के कमी येतात ते कशानं? एक कारण बेरजेत आहे. समजा, हाताचे ४० आले आणि पायाचे ३०. आपण घरी ७० धरून बसतो. बोर्डाचं गणित वेगळं. मोठा आकडा तसाच राहतो, आणि लहान आकडा उरलेल्या शरीराच्या प्रमाणातच धरला जातो. उत्तर ५७च्या आसपास येतं. कागद हातात पडला की माणूस म्हणतो, "कामाला जातो म्हणलो अन् तेरा टक्के खाल्ले." कुणी खाल्लेले नसतात. तरीही मोजणीच चुकली असं वाटत असेल, तर कायद्यात अपील आहे आणि ते ९० दिवसांच्या आत करायचं असतं. चहाच्या टपरीवर चर्चा करण्यात हे दिवस भुर्रकन जातात.

एका ठिकाणी मात्र काम थेट टक्क्यात येतं, आणि ते कुणी सांगत नाही. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व आयडियाज नावाच्या मोजपट्टीनं ठरतं. तिच्यात चार बाबी असतात: स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे. म्हणजे स्किझोफ्रेनिया असलेला पोरगा भावाच्या किराणा दुकानात बसत असेल तर 'काम करतो का' हा प्रश्न तिथे खराच महत्त्वाचा आहे. पण नुसतं 'हो' म्हणून गप्प बसू नये. महिन्यात किती दिवस जातो, सकाळी कोण उठवून पाठवतं, गिऱ्हाइकाशी वाद झाला की कोण सावरतं, मालक भाऊ नसता तर कुणी ठेवला असता का, हे सगळं सोबत आलेल्या माणसानं सांगायला हवं. काम आहे, पण ते कशाच्या टेकूवर उभं आहे, हेही कागदावर गेलं पाहिजे.

आता तहसील. इथे गुडघा कोणी बघत नाही. संजय गांधी योजनेला दिव्यांगाच्या बाबतीत मुख्य अटी अशा: वय १८ ते ६५, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. इतरांना हीच मर्यादा २१,००० आहे. ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये मिळतात, त्याआधी १,५०० होते. यातला 'कुटुंबाचं' हा शब्द दोनदा वाचा. मामांची कमाई वर्षाला ४८,०००, म्हणजे एकट्याची रेघेच्या आत. पण मामी कापूस वेचायला जातात. ३०० रुपये रोजानं दहा दिवस जरी गेल्या तरी ३,००० वाढले आणि घर रेघेबाहेर गेलं. उलट, स्वतः एक रुपया न कमावणारा माणूसही घरातल्या कमाईमुळे बाहेर पडू शकतो. मामांच्या अनुदानाला धोका असेल तर तो उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. डॉक्टरपासून काम लपवून तो टळत नाही.

माझं मत विचाराल तर ५०,००० ही मर्यादाच माणसाला खोटं बोलायला लावते. महिन्याला ४,१६६ रुपयांत कुठलं घर चालतं? त्यामुळे कुणी मिळालेलं काम सोडतो, कुणी पगार रोखीत घेऊन गप्प बसतो. ज्याला चार तास काम झेपतं त्याला ते करता यावं आणि अनुदान एकदम तुटू नये, अशी पायरी या योजनेत नाही. पण मर्यादा चुकीची आहे म्हणून दाखला चुकीचा काढावा, असं मी कुणाला सांगत नाही. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर २०१६च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

दोन्ही तपासण्यांना जोडणारा दुवा म्हणजे ती ४० टक्क्यांची रेघ आणि प्रमाणपत्राची मुदत. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर तारीख असते. ती उलटली की तहसीलात अनुदानावर प्रश्न येतो, मग टक्का कितीही असो. आणि उलट बाजूनं पाहिलं तर अनुदान बंद झालं म्हणून कार्ड रद्द होत नाही. त्याच कार्डावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, ती देताना कंडक्टर उत्पन्न विचारत नाही. म्हणजे एक कागद कामावर पोचवतो, आणि काम वाढलं की दुसरा कागद हातातून जातो. विचित्र आहे, पण आहे असं.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडचे लोक यात तिसराच टक्का आणतात, म्हणून तेवढं सांगतो. कारखान्यात प्रेसमध्ये बोटं गेली तर ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा बोर्ड जो आकडा काढतो तो कमाईची ताकद किती गेली याचा असतो. शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान वेगळं, हे सुप्रीम कोर्टानं २०१०च्या अपघात भरपाईच्या एका निकालात हाताच्या उदाहरणानं समजावलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. ईएसआयचा कागद घेऊन तहसीलात गेलात तर परत पाठवतील.

मामांना म्हटलं, डॉक्टरनं विचारलं तर दुकानाचं खरं सांगा. किती वेळ सलग बसवतं, संध्याकाळी पाय सुजतो का, पायऱ्या चढताना काय होतं, तेही सांगा. जुने एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद घ्या. मामा जरा मोकळे झाले.

"मग कॅलिपर काढून जाऊ का घालून?"

"घालूनच जा की. मोजायला तेच काढायला लावतील. फक्त पट्टे सैल ठेवा, मागं लई लाईन असते."