कामावरील अपघाताची नुकसानभरपाई

काम करताना किंवा कामामुळे झालेल्या अपघातात कामगार जायबंदी झाला, कायमचा अधू झाला किंवा दगावला, तर त्याला अथवा त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला मालकाकडून कायद्याने मिळणारी रक्कम. भारतात हा हक्क 1923 च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने आला. कायद्याचा अंमल 1 जुलै 1924 पासून सुरू झाला. 2009 च्या दुरुस्तीने नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला, तरी कारखान्यांत आणि कामगार न्यायालयाच्या आवारात आजही 'डब्ल्यूसीची केस' (डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कायद्याचे जुने इंग्रजी नाव) असेच म्हणतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. सांगाडा जवळपास तोच राहिला आहे, आणि त्यापूर्वीच्या अपघातांचे दावे अजून जुन्या कलमांनीच चालतात.

1923 पूर्वी कामगाराला दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाची हयगय सिद्ध करावी लागे. सोबतच्या कामगाराच्या चुकीने अपघात झाला असेल तर मालक हात वर करू शके. हा बचाव कायद्यातून जायला 1938 उजाडले. नव्या कायद्याने सौदाच बदलला. चूक कोणाची हे विचारायचे नाही, पण रक्कम कोष्टकात बसेल तेवढीच. वेदना, मनस्ताप, हुकलेली बढती यांना त्या कोष्टकात रकाना नाही.

पहिला प्रश्न असतो: ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, कार्ड आहे का? ही योजना लागू असलेल्या आस्थापनेत 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार विमाधारक असतो आणि त्याची भरपाई मालकाऐवजी कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. अशा कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकावर नुकसानभरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. अनेकांना हे वकिलाकडे गेल्यावरच कळते. योजनेत उपचार मोफत मिळतात, आणि घरी बसावे लागते तेवढे दिवस सरासरी रोजच्या वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर निवृत्तिवेतनासारखी रक्कम चालू होते. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या दुखापतीला ती अट नाही, त्यामुळे कामाच्या पहिल्या दिवशी झालेला अपघातही चालतो. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकते.

कार्ड नसलेल्यांसाठी कोष्टक आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के आणि संपूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. किमान रकमा अनुक्रमे 1,20,000 आणि 1,40,000 रुपये. गुणक तरुणाला मोठा, म्हाताऱ्याला लहान: विसाव्या वर्षी 224, चाळिसाव्या वर्षी 184.17, साठाव्या वर्षी 117.41. हिशेबासाठी वेतन कितीही असले तरी 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने ते 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते. त्याआधी ही मर्यादा 8,000 होती.

पॉवर प्रेसवर अंगठा गेलेला 30 वर्षांचा कामगार घेऊ. पगार 22,000, म्हणजे ईएसआयच्या बाहेर. धरायचे 15,000, त्याचे 60 टक्के 9,000, गुणक 207.98. गुणाकार 18,71,820 रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत (यादीत) अंगठ्याला 30 टक्के लिहिलेले आहेत, म्हणून हातात येतात 5,61,546 रुपये. अख्खी तर्जनी गेली तर 14 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50, दोन्ही हात गेले तर 100. माणसाच्या शरीराचा असा दरतक्ता वाचताना अंगावर काटा येतो, पण भांडण आटोक्यात ठेवण्याचे काम तोच करतो.

मात्र ही टक्केवारी शेवटचा शब्द नव्हे. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, एक हात शाबूत आहे, तेव्हा अपंगत्व आंशिक. सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते एवढेच की एका हाताने सुतारकाम होते का. होत नाही, म्हणून भरपाई पूर्ण अपंगत्वाची. याच निकालाने रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते हेही पक्के केले. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागते, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड होतो. दोन्ही रकमा कामगाराच्या पदरात पडतात. मालकाने विमा उतरवलेला असला तरी दंडाचा भार सहसा त्याच्याच खिशावर येतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा द्यायचा असतो.

मालकाला सुटायच्या वाटा थोड्या. दारू पिऊन काम करणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, यंत्राचे गार्ड मुद्दाम काढून ठेवणे ही कारणे त्याला सांगता येतात. पण मृत्यू किंवा संपूर्ण कायमचे अपंगत्व असेल तर तीही चालत नाहीत. शिवाय गार्ड कोणी काढले हा प्रश्न असतोच. उत्पादनाचा आकडा गाठायला सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत काढलेले गार्ड अपघातानंतर 'कामगाराने काढलेले' ठरते.

खरी झुंज असते ती अपघात 'कामातून आणि कामाच्या ओघात' झालेला असावा या कायद्यातल्या शब्दांवर. ड्युटी संपवून जोगेश्वरी डेपोतून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघालेला बेस्टचा चालक अपघातात मरण पावला. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रवास नोकरीचाच भाग मानला, कारण चालकांना बसने जाण्याची सवलत सेवेच्या कार्यक्षमतेसाठी दिलेली होती. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रात्रपाळीचा रखवालदार 2003 मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचएक किलोमीटरवर असताना दगावला. असे दावे चालवणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांनी दिलेले 3,26,140 रुपये उच्च न्यायालयाने नाकारले, सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ते परत दिले. म्हणजे बावीस वर्षे. नव्या संहितेत घर ते कामाची जागा हा प्रवास, नोकरीशी संबंध दाखवता आला तर, स्पष्टपणे घेतला आहे.

'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे' हे उत्तर नेहमी मिळते. ते टिकत नाही. आपल्या धंद्याचे काम ठेक्याने करून घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो. त्याने आधी पैसे द्यावेत आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावेत.

दावा कामगार नुकसानभरपाई आयुक्तांपुढे चालतो. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालये करतात. 1923 च्या कायद्यात मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. अपघात झाला तिथेच नव्हे, तर कामगार किंवा वारस राहतो त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. भोसरीत हात गमावून लातूरला गावी परतलेल्याला हे फार सोयीचे. ठेक्यावरच्या माणसाकडे नेमणूकपत्र नसते, पगार रोख असतो, हजेरीची वही मुकादमाकडे असते. म्हणून नोकरी सिद्ध करायला गेट पास, दवाखान्याच्या केसपेपरवर पहिल्या दिवशी लिहिलेला अपघाताचा तपशील, पोलिसांचा जबाब आणि पंचनामा, मुकादमाने फोनवर पाठवलेला निरोप असलेच कागद कामी येतात. 'घरी पडलो' असे केसपेपरवर लिहून घेतले की पुढची लढाई अर्धी हरलेली असते.

स्टँपपेपरवर 'मला काही मागायचे नाही' असे लिहून घेण्याची रीत जुनी आहे. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. अपंगत्वाबाबतची तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. मृत्यूची भरपाई तर आयुक्तांकडेच जमा करायची असते. मालकाने परस्पर विधवेच्या हातात दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाही.

इतर वाटा आहेत, पण तिथे निवड करावी लागते. ट्रकचा चालक किंवा क्लीनर रस्त्यावर जखमी झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा आयुक्त, यांपैकी एकाकडेच जाता येते. न्यायाधिकरणात वेतनाला मर्यादा नाही, मात्र तिथे समोरच्या वाहनचालकाची हयगय दाखवावी लागू शकते. हयगयीसाठी दिवाणी दावाही लावता येतो. तो लावला की आयुक्तांचे दार बंद, आणि उलटही तसेच. बांधकाम मजुराने कल्याणकारी मंडळात नोंदणी केली असेल तर मंडळाची मदत वेगळी मिळते.

आयुक्तांच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात होते, तेही फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर आणि 60 दिवसांच्या आत. मालकाला अपील करायचे तर निकालातली संपूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे भरून तसा दाखला जोडावा लागतो.