नौदलातील संदेशवहन आणि सिग्नल गुप्तवार्ता: दोन निराळी कामे

गोव्यातील वास्को, चिखली, दाबोळी या भागात नौदलात नोकरीला माणूस असलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांतला एखादा मुलगा ‘सिग्नलला’ आहे असे कळले की तो शत्रूचे संदेश चोरून ऐकत असणार, अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची समजूत होते. बहुतेक वेळा तो संदेशवहन शाखेत असतो आणि आपल्याच जहाजांचे निरोप पोचवत असतो. परक्यांच्या रेडिओ लहरी टिपून त्यांतून माहिती काढणे हे सिग्नल गुप्तवार्तेचे काम आहे. दोन्हीकडे अँटेना, रिसीव्हर आणि कानाला हेडफोन असल्यामुळे ही गल्लत होते; परंतु भरतीचा विचार करणाऱ्या तरुणांनी ती वेळीच दूर केलेली बरी, कारण या दोन कामांना लागणारा स्वभाव एकसारखा नाही.

संदेशवहनाचे प्रशिक्षण कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये मिळते. झेंड्यांचे संकेत आणि दिव्याच्या उघडझापीने पाठवलेला मोर्स यांपासून उपग्रहापर्यंत सर्व साधने या शाखेच्या हाती असतात. २०१३ साली अवकाशात गेलेला जीसॅट-७ म्हणजेच रुक्मिणी हा उपग्रह नौदलाच्या संदेशवहनासाठी आहे. पाण्याखालच्या पाणबुडीला आज्ञा पोचवण्यासाठी तमिळनाडूत आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे, कारण तिथून निघणाऱ्या अतिशय लांब लहरीच समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरू शकतात. संदेश अचूक, वेळेत आणि ज्याचा त्यालाच मिळाला पाहिजे, ही या कामाची कसोटी. संदेश सांकेतिक रूपात बांधणे, सांकेतिक साहित्य काटेकोरपणे जपणे आणि हुकूम होताच सर्व ट्रान्समीटर बंद ठेवून रेडिओ मौन पाळणे हाही त्याचाच भाग आहे. थोडक्यात, इथे शिस्त आणि हाताची सफाई लागते.

सिग्नल गुप्तवार्तेत पाठवण्यासारखे काही नसतेच. तिथे फक्त ऐकायचे असते, आणि जे ऐकायचे ते आपल्यासाठी पाठवलेले नसते. त्यात दोन प्रकारच्या लहरी येतात. एक माणसांच्या संभाषणाच्या आणि संदेशांच्या, दुसऱ्या रडारसारख्या यंत्रांच्या. सर्वसाधारण कल्पना अशी असते की हे काम म्हणजे संकेत फोडणे. पण संकेत न फुटताही पुष्कळ कळते, आणि माझ्या मते या कामाचे खरे मर्म तिथेच आहे. कोण कोणाशी बोलते, कोणत्या वेळी बोलते, एरवी गप्प असणारे केंद्र आज अचानक का बोलू लागले, यांच्या नोंदी महिनोन्‌महिने ठेवल्या की परक्या आरमाराची रचना हळूहळू कागदावर उतरू लागते.

रडारच्या बाबतीत तर शब्दांचा प्रश्नच उद्भवत नाही. व्यापारी जहाजाच्या साध्या दिशादर्शक रडारचा अँटेना साधारण अडीच सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे रिसीव्हरवर दर अडीच सेकंदांनी एक आखूड चर्र उमटते. युद्धनौकेच्या हवाई टेहळणी रडारची फेरी बरीच संथ असू शकते, आणि क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवणारे रडार आपल्यावर रोखले गेले की ती लय मोडून आवाज सलग होतो. हा बदल ओळखायला काही क्षणच मिळतात. लहरीची कंप्रता, स्पंदांची लांबी, दर सेकंदाला येणारे स्पंद आणि अँटेनाचा वेग मोजून आधीच्या संग्रहाशी ताडून पाहिले, की रडार कोणत्या जातीचे आहे ते सांगता येते. कधी कधी नेमके कोणत्या जहाजावरचे तेही. जुना मच्छीमार अंधारात नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ट्रॉलर ओळखतो, तसेच हे आहे.

१९७१ च्या युद्धात ही दोन्ही कामे एकाच घटनेत समोरासमोर दिसतात. चितगावच्या नौदल अधिकाऱ्यांशी संबंधित एक पाकिस्तानी संदेश आपल्या हाती लागला. त्यात एका विशिष्ट वंगणतेलाची चौकशी होती. त्यात पाणबुडीचा उल्लेख कुठेच नव्हता, परंतु ते तेल पाणबुड्या आणि सुरुंग काढणारी जहाजे यांनाच लागत असे. एवढ्यावरून ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बंगालच्या उपसागरात येत असल्याचा अंदाज बळकट झाला. ही गुप्तवार्ता. दुसरीकडे, पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका अंदमानकडे लपवली आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून भरमसाट बिनतारी संदेश पाठवायला लावले, म्हणजे ती विशाखापट्टणमजवळच आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. याच हेतूने आईच्या आजारपणाची चौकशी करणारी एका नाविकाची साधी तारही मुद्दाम पाठवली गेली. हे संदेशवहन होते, पण शत्रूच्या कानासाठी रचलेले. ‘गाझी’ ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ती कशामुळे बुडाली याबद्दल दोन्ही देशांचे म्हणणे आजही वेगळे आहे.

गोव्यालाही या विषयाचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ पोर्तुगालच्या मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून दोस्तांच्या जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता, आणि त्यातूनच ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या स्वयंसेवकांनी त्या जहाजावर छापा घातला. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला. या दोन्ही वेळी रोख दळणवळणावर होता. तोडून टाकलेले केंद्र काही बोलत नाही, त्यामुळे त्याच्याकडून ऐकायलाही मग काही उरत नाही, हे गुप्तवार्तेच्या माणसाला नेहमी लक्षात ठेवावे लागते.

आज दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर २०२२ पासून पी-८आय विमानांचे आयएनएएस ३१६ हे पथक आहे. मुख्यतः पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या या विमानांवर परक्या रडारचे स्पंद टिपणारी उपकरणेही असतात. पंचवीस मीटर उंचीच्या डोलकाठीवरून रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी जिथवर सरळ पोचतात ती मर्यादा, सुमारे वीस किलोमीटरवर येते, तर नऊ हजार मीटर उंचीवरून ते चारशे किलोमीटरच्या आसपास जाते. एका ठिकाणाहून मिळते ती फक्त दिशा. विमान पुढे सरकत दुसरी, तिसरी दिशा घेते आणि त्या रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे ते जहाज असते. अहवालात मात्र प्रत्यक्ष काय ऐकले आणि त्यावरून काय ताडले हे वेगवेगळे लिहावेच लागते, कारण ते वंगणतेल सुरुंग काढणाऱ्या जहाजासाठीही मागवलेले असू शकले असते.