इमॉर्टल कुणाला म्हणायचं? रग्बी लीगमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या एखाद्या खेळाडूची थोरवी मोजायची वेळ आली की चर्चा फिरून फिरून ‘इमॉर्टल’ म्हणजे ‘अमर’ या किताबापाशी येते. हा किताब खेळाच्या संघटनेने सुरू केलेला नाही. 1981 मध्ये सिडनीच्या एका रग्बी लीग साप्ताहिकाने चार निवृत्त खेळाडूंना तो दिला. त्या उपक्रमाला एका वाइन कंपनीच्या पोर्ट वाइनच्या जाहिरातीची जोड होती. तरीही चाहत्यांनी तो मनापासून स्वीकारला आणि थोड्याच वर्षांत या खेळात त्याहून मोठा मान उरला नाही.

साप्ताहिकाने तेव्हा एक अट ठेवली होती. निवड करणाऱ्यांनी ज्याला मैदानात प्रत्यक्ष पाहिलं आहे, अशाच खेळाडूचा विचार करायचा. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाआधीची सगळी पिढी आपोआप बाद झाली. ही अट प्रामाणिक होती, पण थोरवी ठरवण्याचा अधिकार तिने पाहणाऱ्यांच्या हातात दिला. पाहणारे म्हणजे जुने खेळाडू, समालोचक आणि पत्रकार, म्हणजेच एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी मंडळी. पुढच्या बहुतेक वादांचं मूळ इथे आहे.

1999 मध्ये आणखी दोन नावं आली. 2003 मध्ये सातवा इमॉर्टल निवडला गेला. हा तोच फॉरवर्ड (पुढच्या फळीतला खेळाडू), ज्याने 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाचं नेतृत्व केलं आणि कुठल्याही खेळात देशाच्या संघाचा कर्णधार होणारा पहिला आदिवासी खेळाडू ठरला. 1980 मध्ये ब्रिस्बेनला झालेल्या पहिल्या ओरिजिन सामन्यात, म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांच्या लढतीत, पस्तिशीतल्या या माणसाने क्वीन्सलँडचं कर्णधारपद सांभाळलं होतं. या निवडीला कुणी गंभीर आक्षेप घेतला नाही. खरं वादळ उठलं ते आठव्या नावावरून.

तो न्यूकॅसलचा हाफबॅक, म्हणजे संघाची चाल रचणारा खेळाडू. त्याचा खेळ समजून घ्यायला 1997 च्या ग्रँड फायनलचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याचा, शेवटचा मिनिट पुरेसा आहे. मॅन्लीविरुद्ध 16-16 अशी बरोबरी होती. मोडलेल्या बरगड्या आणि फुफ्फुसाची दुखापत घेऊन तो वेदनाशामक इंजेक्शनांवर मैदानात उतरला होता. सगळ्यांची नजर मोकळ्या बाजूकडे असताना तो अरुंद बाजूने निघाला, बचावपटूंना स्वतःकडे ओढलं आणि चेंडू आत फेकला. विंगरने, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूने, शिट्टीला काही सेकंद उरले असताना पोस्टजवळ गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केला. 22-16. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहरातला पोलाद कारखाना बंद होणार असल्याची घोषणा झाली होती. त्या विजयाने न्यूकॅसलच्या लोकांना काय दिलं, ते आकड्यांत सापडत नाही. विरोधक म्हणतात की त्या वर्षी प्रसारण हक्कांच्या लढाईमुळे खेळ दोन स्पर्धांत फुटला होता, तेव्हा ते विजेतेपद अर्धंच धरावं. पण 2001 मध्ये पूर्ण स्पर्धेत न्यूकॅसल पुन्हा जिंकलं, पॅरामॅटाविरुद्ध 30-24, आणि सामनावीर तोच होता. 2005 च्या ओरिजिनमध्ये न्यू साउथ वेल्स पहिला सामना हरलं होतं. दुखापतीतून परतलेल्या या हाफबॅकने उरलेले दोन्ही सामने जिंकून दिले. त्यानंतर तो ओरिजिन खेळला नाही आणि न्यू साउथ वेल्सने सलग आठ मालिका गमावल्या. 2007 मध्ये मानेच्या दुखापतीने निवृत्त झाला तेव्हा कारकिर्दीत सर्वाधिक 2,176 गुणांचा विक्रम त्याच्या नावावर होता.

म्हणजे मैदानावरच्या कर्तृत्वाबद्दल वाद नव्हताच. वाद सुरू झाला निवृत्तीनंतर चार महिन्यांनी. ऑगस्ट 2007 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत पोलिसांना त्याच्याकडे एक्स्टसीची गोळी सापडली. समज देऊन त्याला सोडण्यात आलं. मायदेशी परतल्यावर त्याने टीव्हीवर कबूल केलं की कारकिर्दीच्या बऱ्याच काळात आपण अमली पदार्थ घेत होतो, आणि आपल्याला बायपोलर विकार असल्याचंही सांगितलं. एप्रिल 2008 मध्ये शतकातला सर्वोत्तम संघ जाहीर झाला तेव्हा हाफबॅकची जागा त्यालाच मिळाली. ऑस्ट्रेलियातली माध्यमं इतक्या लवकर सावरली.

मग जून 2010. तो न्यू साउथ वेल्सच्या ओरिजिन संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून काम करत होता. दुसऱ्या सामन्याच्या तयारीत असताना क्वीन्सलँडच्या एका आदिवासी खेळाडूबद्दल त्याने वर्णद्वेषी शब्द वापरला. न्यूकॅसलमध्ये त्याच्याबरोबर खेळलेला, स्वतः आदिवासी वंशाचा एक खेळाडू तेव्हा न्यू साउथ वेल्सच्या संघात होता. त्याने सामान उचललं आणि शिबिर सोडलं. हाफबॅकने माफी मागितली, राजीनामा दिला. निघून गेलेल्या खेळाडूला ओरिजिनमध्ये पुन्हा न्यू साउथ वेल्सची निळी जर्सी मिळाली नाही.

सप्टेंबर 2012 मध्ये, या घटनेला सव्वादोन वर्षं होताच, आठव्या इमॉर्टलचं नाव जाहीर झालं. ते त्याचंच होतं. समर्थकांचं म्हणणं सरळ होतं: किताब खेळाचा आहे, चारित्र्याचा नाही, आणि याच्याइतका चेंडू हाताळणारा हाफबॅक त्यांनी पाहिलेला नाही. विरोध करणाऱ्यांनी सगळा भर अमली पदार्थांवर दिला. तरुण मुलांसमोर काय आदर्श ठेवतोय, उत्तेजक चाचण्यांचं काय, एक्स्टसीने खेळ सुधारतो की बिघडतो, यावर रकानेच्या रकाने लिहून आले.

हे सगळं चर्चेला घेण्यासारखं होतंच, पण 2010 चं प्रकरण त्या गदारोळात मागे ढकललं गेलं, आणि ते चूक झालं असं मला ठामपणे वाटतं. गोळ्यांनी त्याने मुख्यतः स्वतःचं नुकसान केलं, शिवाय त्यामागे आजार होता. 2010 मध्ये त्याच्या बोलण्याची किंमत दुसऱ्याने मोजली, आणि तीही खेळातच, ओरिजिनच्या शिबिरात, सामन्याच्या तोंडावर. ‘मैदानाबाहेरचं मोजायचं नाही’ हा नियम मान्य केला तरी राज्याच्या संघाचं शिबिर मैदानाबाहेरचं कसं ठरतं? लीगच्या वरच्या फळीत आदिवासी खेळाडूंचा वाटा मोठा आहे. त्यांनी तो किताब कसा पाहायचा, हा प्रश्न निवड करणाऱ्यांना फारसा कुणी विचारला नाही. एक कारण उघड आहे. तो स्वतः तोवर समालोचकांच्या खुर्चीत बसला होता, आणि त्याच्याबद्दल लिहिणारे-बोलणारे अनेक जण त्याचे सहकारी होते.

2017 मध्ये ते साप्ताहिक बंद पडलं आणि किताब लीगच्या प्रशासनाकडे गेला. पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2018 ला, पाच नावं एकदम जाहीर झाली. प्रत्यक्ष पाहिल्याची अट गेली होती, म्हणून त्यातले तिघे महायुद्धाआधीचे होते. एकाने 1907 मध्ये रग्बी युनियन हा रग्बीचा जुना प्रकार सोडून या नव्या खेळाकडे प्रेक्षक खेचून आणले. दुसऱ्याने 1920 मध्ये एकाच सामन्यात आठ ट्राय केले. तिसऱ्याने 1935 च्या हंगामात 38 ट्राय केले, आणि तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. त्यांचा खेळ पाहिलेलं कुणीच उरलेलं नसल्याने निवडीला जुन्या नोंदींचा आधार घ्यावा लागला.

ऑगस्ट 2024 मध्ये चौदावा आला. सत्तरच्या दशकात निवृत्त झालेला हा सिडनीचा फॉरवर्ड. सहा विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. त्याचं कौतुक करताना जवळपास सगळ्यांनी अडचणीतल्या माजी खेळाडूंसाठी त्याने उभ्या केलेल्या मदतसंस्थेचा उल्लेख केला, आणि तो योग्यच होता. मात्र मैदानाबाहेरचं चांगलं काम मोजायचं असेल तर 2012 मध्ये वाईट का मोजलं नाही, याचं उत्तर द्यावं लागेल.

इंग्लंडमध्ये असा किताब नाही, तिथे मान्यता पुतळ्यांतून आणि राजदरबारी सन्मानांतून मिळते. कार्डिफच्या गोदी भागात जन्मलेल्या आणि विगन या इंग्लिश क्लबसाठी 478 ट्राय करणाऱ्या कृष्णवर्णीय विंगरला 2025 मध्ये नव्वदीत ‘सर’ पदवी मिळाली. रग्बी लीगमधला तो पहिलाच. हा खेळ 1895 मध्ये रग्बी युनियनपासून वेगळा झाला, म्हणजे मधे 130 वर्षं गेली. उत्तरेतल्या कामगारांच्या या खेळाकडे लंडनने कसं पाहिलं, ते त्यातून कळतं.

सध्याचा सगळ्यात कडवा वाद मेलबर्नच्या हुकरचा, म्हणजे टॅकलनंतर चेंडू उचलून पुढचा खेळ सुरू करणाऱ्या खेळाडूचा आहे. 430 सामने, 2,786 गुण, स्टेडियमबाहेर पुतळा. पण एप्रिल 2010 मध्ये क्लबने खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा गुपचूप ओलांडल्याचं उघड झालं आणि 2007 व 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली. 2012, 2017 आणि 2020 ची तीन अधिकृत यादीत राहिली. मेलबर्नचे चाहते पाच मोजतात, कारण ते सामने त्याने खेळून जिंकले आणि हिशेबाच्या वह्या त्याने लिहिल्या नव्हत्या. सिडनीत अनेक जण तिनावरही नाक मुरडतात. टॅकलमध्ये प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर धरून ठेवण्याची कुस्ती याच क्लबने रुजवली आणि खेळ संथ केला, अशी त्यांची तक्रार आहे. शिक्षा म्हणून 2010 चं पूर्ण वर्ष क्लब गुणतक्त्यात एकाही गुणाशिवाय खेळला. हुकर मात्र सोडून गेला नाही, आणि त्याचा निवाडा करताना मी ते वर्ष आधी मोजेन.