न वापरलेले बूट का तुटतात?

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले भारी ट्रेकिंग बूट, चालणं जेमतेम दोन-तीन ट्रेकचं. वरून बघावं तर नवेकोरे. आणि चढाला लागून तास होत नाही तोच टाचेकडून अख्खा सोल सुटून लोंबायला लागतो. ट्रेकर मंडळींना हा प्रकार नवा नाही. खापर बहुधा गोंदावर फुटतं. पण सुटलेला सोल हातात घेऊन नीट बघा. दोन्ही बाजूंना फोमचे कण चिकटलेले दिसतात, चिमटीत धरले की त्यांचा भुगा होतो. म्हणजे गोंद धरून होता, तुटला तो फोम.

जमिनीला टेकणारं रबर आणि पाय ठेवतो तो भाग यांच्यामध्ये जो जाड थर असतो, तो मिडसोल. बुटाचं खरं वय तिथेच मोजायचं. बऱ्याच दणकट बुटांत तो पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. या पदार्थाच्या लांबलचक रेणूंमध्ये ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात आणि हे बंध पाण्याने तुटतात. त्यासाठी बूट भिजायलाच हवा असं नाही, हवेतली वाफ पुरते. बंध तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने घडवून आणतं. म्हणून बूट वर्षानुवर्षं ठणठणीत वाटतो आणि मग अचानक कोसळतो. या क्रियेला जलविघटन म्हणतात. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की तिला जोर चढतो. साधारण पाच ते दहा वर्षांत हे घडू शकतं, बूट पायात असो वा कपाटात. ओलसर बूट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणं तर सर्वांत वाईट. ओल आतच कोंडते.

मग उत्पादक पॉलियुरेथेन वापरतात तरी का? कारण वजनाखाली ते सहजासहजी दबून बसत नाही. हलक्या बुटांत ईव्हीए नावाचा फोम असतो. त्याला पाण्याचं फारसं भय नाही, पण त्याचे हवेने भरलेले बारीक कप्पे प्रत्येक पावलागणिक चेपले जातात आणि हळूहळू पूर्वीइतके फुगेनासे होतात. अशा बुटांना 500 ते 800 किलोमीटर, तर जाड चामड्याच्या बुटांना 1500 किंवा त्याहून जास्त, असा ढोबळ हिशेब सांगतात. माझा या आकड्यांवर फार भरवसा नाही. चालणाऱ्याचं वजन, पाठीवरचं ओझं, खडक की माती, यावर सगळं अवलंबून असतं.

खालच्या रबराचे खाच-उंचवटे मात्र चिवट असतात. इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांनी 1930 च्या दशकात असा रबरी सोल आणला, त्याआधी गिर्यारोहक खिळे ठोकलेले बूट घालत. गंधकाने पक्कं केलेलं हे रबर अनेकदा मिडसोलपेक्षा जास्त टिकतं. गंमत अशी की आपण बूट उलटा करून नेमकं तेच तपासतो आणि ‘अजून चालेल’ म्हणून टाकतो.

तपासायचा तो बुटाचा बाजूचा भाग. मिडसोलवर अंगठा जोरात दाबा. कडक, ठिसूळ लागला, बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट भुगा लागला, तर तो बूट डोंगरावर नेऊ नका. ईव्हीएच्या बुटात पायात नसतानाही आडव्या सुरकुत्या कायम दिसत असतील, तर त्याची उशी संपली. उतारानंतर पूर्वी न दुखणारे तळवे किंवा गुडघे कुरकुरू लागले, तर बुटावरही संशय घ्यावा.

चामडं शाबूत असेल आणि बूट सोल बदलता येण्याजोगा असेल, तर नवा सोल बसवून घेणं परवडतं. भिजलेले बूट शेकोटीजवळ वाळवू नयेत, चामडं आक्रसतं आणि गोंद मऊ पडतो. पायाखालचा सुटा पातळ थर (इनसोल) काढून बूट वाऱ्यावर ठेवले की झालं. आणि बरेच दिवस पडून असलेले बूट मोठ्या ट्रेकच्या आठवडाभर आधी घालून जिने चढा-उतरा. सोल सुटायचाच असेल, तर तिथे सुटू दे.