लेबल, पाऊच किंवा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी

गेल्या दिवाळीआधी आमचे एक नेहमीचे ग्राहक नावाजलेल्या कंपनीचं मसाल्याचं पाकीट घेऊन आले. म्हणाले, "रंग हाच, मिरचीचं चित्र हेच, नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी बदला." ते काम आम्ही घेतलं नाही. ते नाराज होऊन गेले, आम्हालाही वाईट वाटलं. अशी कामं आम्ही का नाकारतो, ते सगळ्यांना नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

दोन अक्षरं बदलली की आपण सुटलो, हा समज फार महागात पडतो. दोन पाकिटं शेजारी ठेवून न्यायालय फरक मोजत बसत नाही. नाव अर्धवट आठवणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाची गफलत होईल का, एवढं ते बघतं. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हीच कसोटी लावली आणि दोन्ही नावं कानाला फसवण्याइतकी जवळची ठरवली. औषधाचं लेबल असेल तर आम्ही जास्तच खोलात चौकशी करतो. गफलत झाली तर चुकीची गोळी पोटात जाते.

यात छापणाराही अडकतो. परवानगी नाही हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला जागा असताना, दुसऱ्याची नोंदणीकृत खूण, म्हणजे ट्रेडमार्क, लेबलवर किंवा वेष्टणावर उमटवणारा ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे उल्लंघनात सामील धरला जातो. खोटा ट्रेडमार्क लावल्याचा फौजदारी गुन्हा शाबीत झाला तर साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. दिवाणी दाव्यात तर समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच मनाई हुकूम निघू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाचा कोर्ट रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने माल ताब्यात घेणारा अधिकारी, गोदामात येऊन माल, रोल, छपाईचे सिलिंडर सगळं सील करतो. ऐन सणात असं झालं तर भरलेला माल जागेवर पडून राहतो.

जाहिरातीतल्या मजकुराचंही तसंच. 'चवीला एकदम झकास' बिनधास्त लिहा. 'साखर निम्मी', 'सात दिवसांत गुडघेदुखी बंद' असं लिहायचं असेल तर चाचणीचा कागद दाखवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आणि शेजारच्या दुकानदाराच्या मालाला नावं ठेवणारा फ्लेक्स आम्ही छापणार नाही. २०१० मध्ये 'रिन'च्या जाहिरातीत 'टाइड'चं पाकीट उघड दाखवून कमी लेखलं होतं; ती जाहिरात कलकत्ता उच्च न्यायालयाने थांबवली.

आता चेहऱ्यांबद्दल. इंटरनेटवरून उतरवलेला नटाचा फोटो पेन ड्राइव्हमध्ये आणून "हा कोपऱ्यात टाका" असं सांगणारे महिन्याला दोन-तीन तरी येतात. मुजफ्फरनगरच्या एका सराफाने अमिताभ आणि जया बच्चन यांच्या 'तनिष्क'च्या जाहिरातीसारखं होर्डिंग लावलं होतं. 'तनिष्क'ची मालक टायटन कंपनी न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल सराफाच्या विरोधात दिला. आपल्या चेहऱ्याचा धंद्यासाठी वापर कुणी करायचा, हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा नाही, पण न्यायालयं हा हक्क मानतात, आणि आवाजालाही लागू करतात. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयवर केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रोखली. तेव्हा प्रचाराच्या गाडीवर कुणाचा 'हुबेहूब' आवाज लावून द्या, असं कृपा करून सांगू नका.

छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र यांना तर १९५० च्या बोधचिन्हं व नावं कायद्याचं संरक्षण आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याच्या कामी वापरता येत नाही. सवलत आहे ती कॅलेंडरवरच्या चित्राला: त्यावर फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं, मालाची जाहिरात नको. महाराजांवरची तुमची श्रद्धा आम्ही जाणतो, म्हणूनच मसाल्याच्या पुडीवर त्यांचं चित्र घेत नाही.

नाव तुमचं स्वतःचं असेल तर ते नोंदवून टाका. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आधी शोध घ्या. तो फुकट आहे. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत; मसाले वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज केलात म्हणून लगेच गोलातला 'आर', म्हणजे 'नोंदणीकृत' अशी खूण, छापायला सांगू नका. नोंदणी होईपर्यंत 'टीएम' (ट्रेडमार्क) चालतं. नोंदणी नसताना 'आर' लावणं कायद्याविरुद्ध आहे.

जुनी बिलंही जपा. पुण्यात १९९२ च्या सुमारास सुरू झालेल्या 'बर्गर किंग' या खानावळीवर त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. कंपनीची भारतातली पहिली शाखा २०१४ मध्ये उघडली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला, कारण खानावळ ते नाव आधीपासून वापरत होती. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलं. अशा वेळी नाव कधीपासून चालू आहे याचा कागद लागतो. आमच्याकडे प्रत्येक कामाचा एक छापील नमुना मागे तारीख आणि जॉब नंबर लिहून फाइलला लावलेला असतो. तुमच्या पहिल्या लेबलचा नमुना आणि बिलाची प्रत हवी असेल तर काउंटरवर अंदाजे साल सांगा, शोधून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.