संरक्षित डोंगरांतून नाहीसे झालेले भेक: अटेलोपस प्रजातीच्या ऱ्हासाची पार्श्वभूमी

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकापासून दक्षिणेला बोलिव्हियापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातील काही सखल भागांत अटेलोपस या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाचे, भेक आढळतात. भेक हा बेडकांचाच एक प्रकार. त्यांच्या सुमारे शंभर जाती ज्ञात आहेत. पिवळा, नारिंगी, हिरवा, काळा अशा भडक रंगांच्या नक्षीमुळे त्यांना जुन्या युरोपीय नाटकांतल्या ठिगळांच्या पोशाखातील विदूषकाचे, म्हणजे हार्लेक्विनचे, नाव मिळाले. ड्युमेरिल आणि बिब्रों या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८४१ साली ही प्रजाती शास्त्रीय नोंदीत आणली आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे तिच्यात नव्या जातींची भरच पडत गेली. आज मात्र पृष्ठवंशी प्राण्यांतील सर्वाधिक संकटग्रस्त प्रजातींमध्ये तिची गणना होते. हा ऱ्हास मुख्यतः गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत झाला आणि तो चालू असताना बराच काळ त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते.

या भेकांची राहणी पाहिली, तर ते नाहीसे होत असल्याचे इतक्या लवकर लक्षात का आले, हे समजते. बहुतेक बेडूक रात्री बाहेर पडतात. अटेलोपस मात्र दिवसाढवळ्या ओढ्याकाठच्या खडकांवर आणि शेवाळावर वावरतात. त्यांची चाल संथ असते, कारण त्यांच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिनसारखी जहाल विषे असतात आणि भक्षकापासून पळण्याची गरज त्यांना फारशी पडत नाही. अनेक जातींना कानाचा पडदा नसतो. पनामातील सोनेरी भेक तर पुढचा पाय उचलून हवेत हलवतो आणि असा इशारा करून दुसऱ्या भेकाशी संपर्क साधतो. धबधब्याच्या गर्जनेत आवाजाचा उपयोग मर्यादितच असणार, असा त्याचा अर्थ लावला जातो. मिलनकाळात नर मादीच्या पाठीवर कित्येक आठवडे चिकटून राहतो. अंडी वाहत्या पाण्यात घातली जातात आणि डिंभांच्या, म्हणजे अंड्यांतून निघालेल्या पिल्लांच्या, पोटाला चिकटून राहण्यासाठी चोषक असल्याने ते जोरदार प्रवाहातही दगडाला धरून राहतात. रंगीत, दिवसा दिसणारा आणि सावकाश चालणारा असा प्राणी मोजणे सोपे असते, त्यामुळे तो दिसेनासा झाला की तेही चटकन कळते. मात्र थंड, वाहत्या पाण्यावरचे हेच अवलंबित्व पुढे त्यांच्या जिवावर बेतले.

स्थानिक लोकांना हे भेक शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून परिचित होते. पनामातील एल व्हाये दे आंतोन या जुन्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेल्या गावाच्या परिसरातील सोनेरी भेकाचे वर्णन एमेट रीड डन यांनी १९३३ साली केले आणि पनामात काम करणारे कीटकशास्त्रज्ञ जेम्स झेटेक यांचे नाव त्याला दिले. पण तो भेक शुभशकुनी असून मेल्यावर त्याचे सोने होते, ही समजूत तिथे आधीपासून होती. आज १४ ऑगस्ट हा पनामात सोनेरी भेकाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. ज्याचा दिवस साजरा होतो, तो भेक रानात कित्येक वर्षांत दिसलेला नाही.

ऱ्हासाची सुरुवात झाली तिथे कोणाचे लक्ष नव्हते. इक्वाडोरची राजधानी कीटोच्या आसपासच्या उंच प्रदेशात खाम्बातो नावाचा काळा-नारिंगी भेक इतका विपुल होता की तो अंगणांत आणि रस्त्यांवरही दिसे. १९८८ नंतर तो दिसेनासा झाला. जवळपास त्याच सुमारास कोस्टा रिकातील मोन्तेव्हेर्दे येथील मेघारण्यात, म्हणजे ढगांनी वेढलेल्या डोंगरी जंगलात, ॲलन पाउंड्स आणि मार्था क्रम्प अटेलोपस व्हेरियस या जातीचा अभ्यास करत होते. १९८७ च्या कोरड्या दिवसांत ओढ्याकाठी दाटीने जमलेले हे भेक पुढच्या वर्षी तिथे उरले नाहीत, आणि त्याच जंगलातला प्रसिद्ध सोनेरी भेकही (हा पनामातल्या सोनेरी भेकाहून वेगळा, अटेलोपस नसलेला) १९८९ नंतर पुन्हा कोणाला दिसला नाही. १९८९ साली इंग्लंडमधील कँटरबरी येथे उभयचर व सरीसृप अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली. वेगवेगळ्या देशांतून आलेल्यांनी आपापल्या नोंदी एकमेकांना सांगितल्या, तेव्हा हा आपल्याच एका ओढ्यापुरता प्रश्न नाही, हे अनेकांच्या ध्यानात आले.

निसर्गसंरक्षणाच्या गृहीतकांनाच या घटनांनी धक्का दिला, असे माझे मत आहे. जंगल राखले, कुऱ्हाड आणि शिकार थांबवली की त्यातले प्राणी राहतील, हा तोवरचा सरधोपट विचार होता. मोन्तेव्हेर्दे हे राखलेले जंगल होते, पाणी स्वच्छ होते, झाडे जागच्या जागी होती. नाहीसे झाले होते ते फक्त भेक.

उत्तर मिळायला आणखी दहा वर्षे लागली. १९९६-९७ मध्ये उभयचरांच्या अभ्यासक केरेन लिप्स यांना पनामाच्या फोर्तुना भागात मेलेले आणि मरणासन्न बेडूक सापडले. या आणि ऑस्ट्रेलियातील नमुन्यांच्या कातडीत एक सूक्ष्म किट्रिड बुरशी असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जॉयस लाँगकोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या विषारी बेडकापासून ती बुरशी वेगळी करून तिला बट्राकोकिट्रियम डेन्ड्रोबाटिडिस हे नाव दिले. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या कातडीतील केराटिनयुक्त, म्हणजे केस-नखांत असते त्या प्रथिनाच्या, थरात घर करतात. उभयचर कातडीतूनच पाणी आणि क्षार घेतात. तो व्यवहार बिघडला की रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटते आणि अखेर हृदय थांबते. या बुरशीला थंडावा मानवतो, त्यामुळे उंचावरच्या जातींना सर्वांत मोठा फटका बसला आणि ॲमेझॉनच्या उष्ण सखल भागातील काही जाती तुलनेने तगून राहिल्या.

एनरिके ला मार्का आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २००५ साली सगळ्या देशांतील नोंदी एकत्र केल्या. वर्णन झालेल्या आणि होऊ घातलेल्या ११३ जातींपैकी ४२ जातींची संख्या किमान निम्म्याने घटली होती, फक्त १० जाती स्थिर होत्या आणि किमान ३० जाती आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ज्ञात ठिकाणी आढळल्या नव्हत्या. उरलेल्यांविषयी पुरेशी माहितीच नव्हती.

याच आकडेवारीवरून पुढे एक वाद रंगला. तापमानवाढीमुळे बुरशीला अनुकूल परिस्थिती तयार झाली आणि म्हणून साथ पसरली, असे पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडले. लिप्स यांच्या गटाने मात्र ही साथ एका ठिकाणाहून दुसरीकडे लाटेप्रमाणे सरकत गेल्याचे दाखवले. जेसन रोर आणि सहकाऱ्यांनी तर त्या भागातील केळी आणि बिअर यांच्या उत्पादनाचे आकडे भेकांच्या घटीशी तापमानापेक्षाही चांगले जुळतात, हे दाखवून नुसत्या सहसंबंधाच्या मर्यादा उघड्या केल्या. बुरशी बाहेरून आली, याला नंतर जनुकीय पुरावाही मिळाला. २०१८ च्या अभ्यासानुसार तिचे मूळ पूर्व आशियात असून प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती जगभर गेली. आपल्या उत्तर पश्चिम घाटातील बेडकांच्या अंगावरही ती आढळली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती आशियाई वाणाची असल्याचे दिसले. अमेरिकेसारखे बेडकांचे सामूहिक मृत्यू मात्र इथे नोंदले गेलेले नाहीत. अमेरिकेतल्या भेकांना ती नवखी होती, एवढाच फरक निर्णायक ठरला असावा.

लाट कोणत्या दिशेने सरकते आहे हे कळल्यामुळे एक गोष्ट साधली. २००४ मध्ये साथ पनामातील एल कोपे येथे पोहोचली, तेव्हा पुढचा क्रमांक एल व्हायेचा हे स्पष्ट होते. एदगार्दो ग्रिफिथ, हायडी रॉस आणि त्यांच्या सोबत्यांनी २००६ साली मिळतील तितके बेडूक व भेक पकडून आणले आणि कायमचे केंद्र बांधून होईपर्यंत त्यांना गावातल्या एका हॉटेलच्या खोल्यांत ठेवले. पाणी बदलणे, पेट्या धुणे, खाद्यासाठी किडे जमवणे हे सगळे तिथेच चाले. सोनेरी भेक आज अशा केंद्रांतून आणि अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांतून पैदास झालेल्या पिढ्यांच्या रूपाने जिवंत आहे. त्याच्या जवळच्या व्हेरियस जातीचे सुमारे ५०० भेक जानेवारी २०१८ मध्ये पनामाच्या कोलोन प्रांतात प्रयोग म्हणून जंगलात सोडण्यात आले.

दरम्यान, गेलेल्या समजल्या गेलेल्या जाती इकडेतिकडे सापडू लागल्या. अशा जातींची संख्या तीसच्या आसपास गेली आहे. २००४ साली नामशेष ठरवलेला खाम्बातो २०१६ मध्ये इक्वाडोरच्या अंगामार्का भागात एका स्थानिक कुटुंबामुळे पुन्हा आढळला. कोलंबियाच्या सिएरा नेवादा दे सांता मार्ता पर्वतात काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला भेक शास्त्रज्ञांना जवळजवळ तीस वर्षे दिसला नव्हता. तिथल्या आरुआको लोकांच्या दृष्टीने तो कधी हरवलाच नव्हता आणि त्यांनी २०१९ मध्ये संशोधकांना तो पाहू दिला, तोही बराच काळ परस्परविश्वास जमल्यानंतर. पनामातील काही जाती सावरत असल्याचे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. बुरशीची मारकता कमी झालेली नव्हती, म्हणजे बदल बेडकांतच झाला असण्याची शक्यता आहे. तरीही सापडलेल्या टोळ्या लहान आहेत, आणि रानात या बुरशीवर सर्वत्र लागू पडेल असा इलाज अजून नाही.

त्यामुळे आता जुनेच धोके पुन्हा महत्त्वाचे ठरत आहेत. जंगलतोड, ओढ्यांचे प्रदूषण आणि खाणी यांचे निर्णय माणसेच घेतात, म्हणून लढाई तिथे उभी राहिली आहे. इक्वाडोरच्या इन्ताग खोऱ्यातील खुनिन येथे १९८९ नंतर न दिसलेल्या लांब नाकाच्या अटेलोपसचे चार भेक २०१६ मध्ये सापडले, आणि तेही तांब्याच्या युरिमाग्वा खाण प्रकल्पाच्या क्षेत्रात. इक्वाडोरच्या २००८ च्या राज्यघटनेने निसर्गाला स्वतःचे हक्क दिले आहेत. त्या आधारे, तसेच स्थानिक लोकांशी रीतसर विचारविनिमय झाला नसल्याच्या कारणावरून, इम्बाबुरा प्रांताच्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये इक्वाडोरच्या सरकारी खाण कंपनीला आणि चिलीच्या कोडेल्को या तांबे कंपनीला मिळालेले परवाने रद्द केले.